भीतीला नंबर देणाऱ्या निमजे बाई

निमजे वकीलबाईंकडे नवीन अशील गेली, की त्या तिला नाव विचारत नाहीत, लग्नाची तारीख विचारत नाहीत, नवरा काय करतो तेही विचारत नाहीत. टेबलावरून एक कोरा कागद पुढे सरकवतात आणि म्हणतात, "कशाकशाची भीती वाटते ते लिही. नंबर टाकून लिही."

मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या हातात कोर्टाची नोटीस होती. नोटीस वाचून दाखवावी म्हणून मी तोंड उघडलं, तर बाईंनी हात वर केला. "नोटीस कुठं पळून जाते? ते मी वाचीन. तू लिही आधी." मी तिसरीच्या वर्गाला शिकवते. आधी लिहा मग बोला, असं पोरांना रोज बजावते. त्या दिवशी पेन हातात धरून मीच त्या कागदाकडे पाच मिनिटं बघत बसले.

तसं पाहिलं तर घाबरण्यात माझा हात धरणारं कोणी नाही. मी लिफ्टला घाबरते, कुत्र्याला घाबरते, मुख्याध्यापिकेच्या मिस्ड कॉलला घाबरते. "जरा बोलायचं होतं" असं कोणी म्हटलं, की बोलणं होईपर्यंत मला जेवण जात नाही. फेब्रुवारीच्या शेवटी माझा नवरा "जरा बोलायचं आहे" असं म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन भावाकडे राहायला गेला. भांडण झालं नाही. भांडायची पण मला भीतीच वाटली. मग ही नोटीस आली. त्याला घटस्फोट हवा होता, आणि नागपूरच्या मिहानमधल्या त्याच्या कंपनीनं त्याला पुण्याला पाठवायचं ठरवलं होतं म्हणून आमची मुलगी जुईही त्याला सोबत हवी होती. जुई सात वर्षांची. नोटिशीत लिहिलं होतं, 'अज्ञान मुलीचा ताबा'. त्या तीन शब्दांनी माझी झोप उडाली होती.

"ताबा प्लॉटचा असते," नोटीस वाचून बाई म्हणाल्या. "पोरीचा सांभाळ असते. माझ्या ऑफिसात ताबा म्हणायचं नाही." आणि पहिल्याच दिवशी त्यांनी मला तो नियम सांगितला, जो नागपूरच्या निम्म्या वकिलांना पाठ आहे. "घाबरायचं तं क्रमानं घाबर. एक नंबर निपटल्याशिवाय दोन नंबरले घाबरायचं नाही. सगळ्याले एकदम घाबरलं की माणूस काहीच करत नाही, नुसता पंख्याकडे पाहत बसते."

बाईंचं ऑफिस महाल भागात, शिवणसामानाच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. बाई साठीच्या पुढच्या, अंगानं किरकोळ, काळा कोट धुऊन धुऊन चॉकलेटी झालेला. जिना त्या आडव्या होऊन चढतात, कठड्याला दोन्ही हातांनी धरून. मी एकदा हात द्यायला गेले तर म्हणाल्या, "मी काय म्हातारी आहे काय वं?" मग वर पोचेपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटलं, रागावल्या.

बाईंचे वडील कोष्टी. घरात हातमाग होता, लुगडी विणायचे. माग कधीच बंद पडला, पण दोरा ओढायची आणि गाठ मारायची वडिलांची रीत बाईंच्या बोटांत राहिली. कोर्टात द्यायचा कागदांचा गठ्ठा त्या दुसऱ्या कोणाला शिवू देत नाहीत. दाभण घेतात, जाड सुती दोरा घेतात आणि पानं स्वतः शिवतात. ती गाठ कोर्टातल्या एकाही बाबूला सुटत नाही, असं त्या फार अभिमानानं सांगतात. "माझ्या फायलीतलं एक पान आजपर्यंत निघालं नाही," हे त्यांचं वाक्य मी पहिल्या महिन्यात चार वेळा ऐकलं.

रडण्याबाबतही बाईंचा कायदा आहे. अशिलाचे डोळे भरले, की त्या खुर्चीखालून लसणाची टोपली काढून तिच्या मांडीवर ठेवतात. "रडायचं असंन तं सोलत सोलत रड. रिकाम्या हातानं रडलं की लांबते." बाईंच्या घरचा सावजी मसाला झणझणीत, त्याला लसूण भरपूर लागतो, आणि त्यांना तो गेली कित्येक वर्षं घरी सोलावा लागलेला नाही. कांदा का नाही, असं मी एकदा विचारलं. त्यावर त्या गंभीरपणे म्हणाल्या, "कांद्यानं खरं रडणं कोणतं ते समजत नाही."

नवऱ्याचं नाव घ्यायला बंदी. त्याला म्हणायचं 'समोरचा'. "समोरचा वाईट आहे हे सांगू नको. ते सगळ्याच सांगतात. तारीख सांग, वार सांग, काय झालं ते सांग." सवय अशी लागली की मी घरीदेखील जुईला एकदा "समोरच्यांचा फोन आला" असं म्हणून बसले. ती खिडकीतून समोरच्या फ्लॅटकडे बघायला लागली.

आणि अशिलांना बाई नावानं हाक मारत नाहीत, यादीतल्या नंबरानं मारतात. एक 'तीन नंबर' होती, एक 'पाच नंबर' होती. मी 'सात नंबर' झाले. कशी झाले ते सांगते, कारण ते सांगायला मला अजूनही धीर करावा लागतो.

माझ्या यादीत एकूण नऊ भीत्या होत्या. पहिली, जुई जाईल. दुसरी, कोर्टात तोंडातून शब्द फुटणार नाही. तिसरी, शाळेत कळेल. चौथी, पाचवी, सहावी अशाच. बाई बोट ठेवून एकेक वाचत गेल्या आणि सातवर बोट थांबलं. तिथं मी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'मी एकदा जुईला मारलं.'

"हे इथं काहून लपवलं?"

 टोपली मांडीवर आली. चार पाकळ्या सोलून झाल्यावर मी सांगितलं. मार्चची गोष्ट. समोरच्याला जाऊन थोडेच दिवस झाले होते. जुईनं बाबा पाहिजे म्हणून वरणभाताचं ताट फेकलं आणि मी तिच्या गालावर मारली. जोरात. चार बोटं उमटली. दुसऱ्या दिवशी शाळेच्या रिक्षात तिच्या मैत्रिणीनं विचारलं, गालाला काय झालं? जुई म्हणाली, मच्छर चावला. मी तिथंच उभी होते. तेव्हापासून मला एकच भीती होती. उद्या कोणी तिला विचारलं, आई मारते का, तर ती काय सांगेल? आणि ती खोटं बोलली, तर ते मी शिकवलेलं असेल.

"एक नंबरची भीती ही आहे," बाई म्हणाल्या. "बाकी साऱ्या हिच्या मागून आल्या. कोर्टात जज मॅडम पोरीले आत बोलावतीन, एकटीले विचारतीन. ती सांगन. सांगू दे. पण त्याच्या आधी तू तिले सॉरी म्हण."

"आता? चार महिने झाले बाई."

"मग चार महिने लेट झाला. पाचवा नको होऊ देऊ. आणि हे सांगजो, ते सांगजो नको, असं तिले काही पढवू नको. पढवलेलं लेकरू मॅडमले दोन मिनिटात ओळखू येते."

त्या संध्याकाळी जुई रंगाचं पुस्तक घेऊन बसली होती. मी शेजारी बसले आणि सॉरी म्हटलं. "कशाचं?" ताट फेकलं होतंस तेव्हा मी मारलं होतं ना, त्याचं. ती हत्तीला निळा रंग देत राहिली. मग म्हणाली, "ते होय? मला वाटलं तू पुण्याचं सांगून राहिली." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "पुण्याला मला एकटीला जावं लागते का? तू मागून येशील?"  मी तिला कोणता रंग हवा तो शोधून देत बसले.

दुसऱ्या दिवशी हे बाईंना सांगितलं.  त्यांनी माझी यादी काढून खाली स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली, 'जुईची भीती: एकटी जावं लागेल.' म्हणाल्या, "तिची पण नोंद पाहिजे. केस तिची आहे."

मग सुरू झाली उलटतपासणीची तालीम, आणि मला कोर्टापेक्षा बाईंचीच भीती वाटायला लागली. बाई खुर्ची टेबलाच्या या बाजूला आणायच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढायच्या आणि त्यांचा आवाजच बदलायचा. ती नागपुरी बोली गायब. थंड, साफ, पुस्तकी मराठी.

"मॅडम, गुरुवारी मुलीच्या डब्यात काय दिलं होतं?"

"पोळी-भाजी."

"कोणती भाजी?"

"दोडक्याची."

"मुलगी दोडके खाते?"

"नाही."

"म्हणजे मुलीला जे आवडत नाही ते देऊन तुम्ही तिला दिवसभर उपाशी ठेवता, हे खरं आहे का?"

मी लसणाच्या टोपलीकडे हात नेला. बाई लगेच मूळच्या आवाजात आल्या. "रडली तरी चालते. पण तू बटाटा म्हणाली असती नं, तं तुझी फाइल मी आत्ताच परत केली असती. घाबरट माणसाची केस लढता येते. खोट्याची नाही."

तारखेच्या दोन दिवस आधी त्या मला रिकामं कोर्ट दाखवायला घेऊन गेल्या. ही पण त्यांची रीत. प्रत्येक अशिलाला आधी एकदा नुसतं नेऊन बसवायचं. "हे बाक. इथं बसशीन. तिकडून मॅडम येतीन. तो पंखा आवाज करते, दचकू नको. हा शिपाई ओरडते, पण तो घरच्या फोनवर ओरडते." सगळ्या वस्तूंशी माझी अशी ओळख करून दिली, की तारखेच्या दिवशी आत शिरताना मला निदान पंख्याची भीती वाटली नाही.

बाकी सगळ्याची वाटली. त्या दिवशी ठरायचं होतं की मुख्य खटल्याचा निकाल लागेपर्यंत जुई कोणाकडे राहील. निकाल लागायला वर्षं जातात. म्हणजे खरं तर तेच ठरायचं होतं. समोरचा समोरच बसला होता, नवीन शर्ट घालून. तो फार वाईट माणूस नाही, हे मला त्या दिवशीसुद्धा दिसत होतं, आणि त्यामुळे आणखीच भीती वाटत होती. वाईट माणसाकडून मुलगी जिंकता येते.

त्याचे वकील ठवरे. नऊ वर्षं बाईंच्याच हाताखाली शिकलेले. ते उठले आणि म्हणाले, "मॅडम, गैरअर्जदार बाईंनी, म्हणजे मुलीच्या आईनं, स्वतः दाखल केलेल्या कागदपत्रांमधलं पान एक्केचाळीस कृपया बघावं. निमजे मॅडम आपल्या पक्षकारांकडून भीतीची यादी लिहून घेतात, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. ती यादी इथं लागलेली आहे."

 यादी. म्हणजे सातवा नंबर. ठवरे तो मोठ्यानं वाचणार, मॅडम जुईला विचारणार, जुई संध्याकाळपर्यंत समोरच्याच्या गाडीवर. मी बाकाची कड घट्ट धरली.

ठवरे वाचू लागले. "एक. जिना. आता मध्ये दोनदा थांबावं लागतं. दोन. नावं विसरते. समोर बसलेल्या माणसाचं नाव आठवत नाही, म्हणून दुसरं काहीतरी म्हणून हाक मारते. तीन. डाव्या डोळ्यानं वाचताना ओळ सुटते. कोणाला कळू दिलेलं नाही."

खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की हे माझं नाही, मी वाचले. त्या एका क्षणाची मला अजून लाज वाटते. मग मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी आपल्या प्रतीतलं एक्केचाळीसावं पान उघडलं होतं आणि त्यावर हात ठेवून त्या बसल्या होत्या. यादी त्यांची होती. आम्हाला लिहायला लावतात तशी त्या स्वतःही लिहीत होत्या, आणि शिवताना, ओळ सुटते तसं, ते पान त्यांच्याकडून गठ्ठ्यात गेलं होतं.

"जी बाई माणसांची नावं विसरते, जिला जिना चढवत नाही, नीट दिसत नाही," ठवरे सांगत होते, "तिच्या भरवशावर सात वर्षांची मुलगी..."

जज मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "हे तुम्ही लिहिलं आहे?"

नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न होता, मग कोणी? नावं विसरणारी वकील, ओळ सुटणारी वकील. उद्या त्यांच्याकडे कोण जाईल? हो म्हटलं तर खोटं, आणि जुई गेली. मी उभी राहिले आणि माझी जीभ टाळूला चिकटली. इतकी तालीम करून शेवटी दुसऱ्या नंबरची भीती खरी झाली.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "मॅडम," निमजे बाई म्हणाल्या, "त्या बाईंना विचारू नका. अक्षर माझं आहे. यादी माझी आहे." कोर्टात त्या नेहमी पुस्तकी बोलतात. पण पुढचं वाक्य त्यांच्या तोंडून घरचं निघालं. "चुकून शिवल्या गेली."

 पंखा तेवढा आवाज करत होता. मॅडमनी खाली बघूनच सांगितलं, "ते पान काढून घ्या." बाईंनी गठ्ठा ओढला आणि गाठीला नखं लावली. गाठ सुटेना. त्यांनीच मारलेली गाठ त्यांना सुटत नव्हती. तेव्हा ठवरे आपली जागा सोडून आले, बाबूकडून कात्री मागून घेतली आणि हळूच म्हणाले, "बाई, द्या इकडे, मी करतो." पान कापून त्यांनी बाईंच्या हातात दिलं, मग मॅडमकडे वळून म्हणाले, "मी जे वाचलं ते सगळं मागे घेतो."

त्यानंतर बाई दहा मिनिटं बोलल्या. माझा शाळेचा वेळ, जुईचा शाळेचा वेळ, आठ महिन्यांत समोरचा किती वेळा भेटायला आला त्या तारखा, सगळं. एकदाही कागदाकडे पाहिलं नाही. एकदाही चुकल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "मुलीला विचारा. तिला कोणी काही शिकवलेलं नाही, याची हमी मी देते."

जुई आत गेली. वीस मिनिटं मी त्या दाराकडे बघत उभी होते. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक चॉकलेट होतं. "मॅडमनी विचारलं, आई रागावते का. मी म्हटलं, खूप. मारते का? मी म्हटलं, एकदा मारलं, मग सॉरी म्हणाली." आणि बाबांबद्दल? "बाबा पण चांगले आहेत. पण मी पुण्याला एकटी नाही जात." मी तिला जवळ घेतलं तेव्हा मला रडू आलं. आजूबाजूला लसूण नव्हता, म्हणून ते बरंच लांबलं.

आदेश व्हायला आठवडा होता. दुसऱ्या दिवशी बाईंनी मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर माझी फाइल आणि वर एक टाइप केलेला कागद. दुसरा वकील लावायला आपली हरकत नाही, असं लिहून त्यांनी सही केली होती. "घेऊन जा. ज्या वकिलाची ओळ सुटते, तिच्या हातात पोरगी देऊ नये."

मी घाबरले, हे वेगळं सांगायला नको. पण आदल्या संध्याकाळी मी एक काम केलं होतं, जे करायला नको होतं. कोर्टातलं पान कापलं गेलं, तरी माझ्या घरच्या झेरॉक्स प्रतीत एक्केचाळीसावं पान तसंच होतं. ठवरे तीनपर्यंत वाचून थांबले होते; घाईत त्यांनी ना अक्षर ओळखलं होतं, ना पान उलटलं होतं. मी पुढचं वाचलं.

चार नंबरला लिहिलं होतं, 'जुईची केस. आई घाबरट आहे पण खरी आहे. हरलो तर चूक माझीच असेल.'

पाच नंबरला लिहिलं होतं, 'शनिवारी संध्याकाळी घरात पडले, तर सोमवारी अकरा वाजता कोर्टात पुकारा होईपर्यंत कोणाला कळणार नाही.'

इतक्या महिन्यांत मी बाईंना त्यांच्या घरी कोण कोण आहे, हे विचारलंच नव्हतं. आम्ही सगळ्या जणी तिथं आपापले नंबर घेऊन जायचो.

हरकत नसल्याचा तो कागद मी घडी करून पर्समध्ये टाकला आणि फाइल परत त्यांच्याकडे सरकवली. म्हटलं, "बाई, वकिलाला घाबरायचा नंबर माझ्या यादीत अजून आला नाही." त्या हसल्या नाहीत. बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "डोळ्याचं ऑपरेशन करून घेते. पुढच्या तारखेच्या आत." आणि खरंच करून घेतलं. हिरवी पट्टी लावून त्या चार दिवसांत ऑफिसात हजर झाल्या, वाचून दाखवायला मी शाळा सुटल्यावर जात होते.

आदेश आला. खटला संपेपर्यंत जुई माझ्याकडे. दर रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा बाबांकडे. कोर्टाला विचारल्याशिवाय नागपूरच्या बाहेर न्यायचं नाही. समोरच्यानं पुण्याची बदली पुढे ढकलली. जुईचा प्रश्न तेवढ्यापुरता सुटला. मी देवापुढे साखर ठेवली, आणि पहिला रविवार येईपर्यंत मला कळलं नाही की आपण काय जिंकलो आहोत.

पहिल्या रविवारी दहा वाजता जुई बाबांच्या स्कूटरवर बसून गेली. मी फाटकातून हात हलवला आणि वर आले. घर इतकं शांत होतं की फ्रिज सुरू झाला तरी मी दचकले. तिला तिथंच आवडलं तर? सहा वाजता ती आलीच नाही तर? भांडी घासली, पुन्हा घासली. अकरा वाजता मी बाईंना फोन लावला.

"काय झालं?" आवाजात काळजी होती.

"काही नाही."

"मग फोन काहून केला? रविवारी काम नसताना वकिलाले फोन करू नये."

मला काहीतरी सांगणं भाग होतं. मी म्हटलं, "डाऊट होता. सहाच्या ऐवजी सव्वासहा झाले तर तो कोर्टाच्या आदेशाचा भंग होतो का?" बाईंनी त्याचं पंचवीस मिनिटं उत्तर दिलं. त्यात त्यांच्या तीन जुन्या केसेस आल्या, एका जजची सवय आली, आणि सावजी रस्सा पातळ झाला तर काय करायचं तेही आलं.

पुढच्या रविवारी अकरा वाजता मला दुसरा डाऊट आला. त्याच्या पुढच्या रविवारी तिसरा. मी आठवडाभर डाऊट शोधत असे. परीक्षा असेल तर? ताप असेल तर? समोरच्यानं केस कापून आणले तर? कायद्याच्या दृष्टीनं त्यातला एकही फोन करण्याजोगा नव्हता, हे बाईंना कळत असणारच. त्या दर वेळी विचारायच्या, "काय काम आहे?" आणि दर वेळी सविस्तर उत्तर द्यायच्या. मी शनिवारी संध्याकाळबद्दल एक अक्षर बोलले नाही. त्यांनीही कधी विचारलं नाही की मी बरोबर अकरालाच का फोन करते.

मागच्या रविवारी मला ताप होता. जुईला पाठवून मी आडवी झाले आणि डोळा लागला. फोन वाजला तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"काहून वं, अकरा कधीच वाजले."

"झोप लागली होती, बाई. अंग गरम आहे."

 बाई हळू आवाजात म्हणाल्या, "मले वाटलं, तू पडली बिडली."

"नाही बाई. पडले नाही."

"हं. मग बोल. आज कोणता डाऊट आहे?"

त्या दिवशी माझ्याकडे एकही डाऊट नव्हता. शोधायला डोकंच चालत नव्हतं. मी तसं सांगितलं.

"चालते," बाई म्हणाल्या. त्यांनी फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही.